जुन्या कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम करायला कोणता मॉनिटर घ्यावा?

तुमच्याकडे तिसऱ्या पिढीचा कोअर आय-५ आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी आणि मागे व्हीजीए, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट असे तीन पोर्ट. काम लोगो, माहितीपत्रकं आणि सोशल मीडियाच्या पोस्टचं. कॉम्प्युटर एवढ्यात बदलायचा नाही आणि २७ इंची फोर-के (३८४० × २१६० पिक्सेलचा) मॉनिटर मनात भरलाय. मी स्पष्टच सांगते, या कॉम्प्युटरसाठी फोर-के घेऊ नका. २७ इंची, २५६० × १४४० रिझोल्यूशनचा, आयपीएस पॅनलचा (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा) आणि एसआरजीबी, म्हणजे वेबसाठीचा प्रमाणित रंगसंच, पूर्ण दाखवणारा मॉनिटर घ्या, आणि तो डिस्प्लेपोर्टलाच जोडा.

डिस्प्लेपोर्टचा आग्रह का, ते आधी सांगते, कारण सगळं गाडं तिथेच अडतं. तुमच्या प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्स एचडीएमआयमधून जास्तीत जास्त १९२० × १२०० देतं. तेच ग्राफिक्स डिस्प्लेपोर्टमधून २५६० × १६०० पर्यंत जातं, तेही ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत. म्हणजे एकाच कॉम्प्युटरला तोच मॉनिटर लावला, तरी केबल कुठल्या पोर्टात गेली यावर चित्र धारदार दिसणार की पुसट, हे ठरतं. व्हीजीएचा तर विचारच करू नका. तो अ‍ॅनालॉग सिग्नल आहे, बारीक अक्षरांच्या कडा त्यात हमखास मऊ पडतात.

याच्या पुढच्या पिढीच्या कॉम्प्युटरवर एचडीएमआय १.४ मधून फोर-के उमटतं खरं, पण ३० हर्ट्झवर. सिनेमा बघायला ते चालून जाईल. पेन टूलने लोगोची वळणं काढताना मात्र कर्सर हाताच्या मागे रेंगाळतो, हँडल सोडायचं तिथे सुटत नाही, आणि दिवसभरात डोकं उठतं. शिवाय फोर-केचे पिक्सेल होतात जवळजवळ ८३ लाख, फुल एचडीच्या (१९२० × १०८०) चौपट. १४४० च्या मॉनिटरला ३७ लाखांत भागतं. तुमचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी म्हणून त्याच ८ जीबीतला वाटा घेतं, तेव्हा हा फरक झूम करताना जाणवणारच. २७ इंचांत १४४० म्हणजे इंचाला साधारण १०९ पिक्सेल. मेनू आणि अक्षरं १०० टक्क्यांवरच नीट वाचता येतात, जुन्या सॉफ्टवेअरला स्केलिंग (अक्षरं-मेनू मोठे करून दाखवणं) जमतंय का ही चिंताच राहत नाही. २७ इंचांत नुसतं फुल एचडी मात्र घेऊ नका, तिथे इंचाला ८२ पिक्सेल पडतात आणि अक्षरांचे दाते दिसायला लागतात.

डिस्प्लेपोर्ट बिघडलेला निघाला, तर २४ इंची १९२० × १२०० चा मॉनिटर बघा. एचडीएमआयवर तो पूर्ण क्षमतेने चालतो, आणि फुल एचडीपेक्षा उंचीत १२० पिक्सेल जास्त मिळतात, उभ्या पानाच्या कामाला ते फार उपयोगी पडतात. ‘एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट’ असं म्हणून मिळणाऱ्या साध्या केबलच्या भरवशावर राहू नका. त्या बहुतेक उलट्या दिशेनेच, म्हणजे डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडेच चालतात.

आता रंग. माझ्या मते पैसे खर्च करायचे ते इथे. सोशल मीडियाच्या पोस्ट आणि वेबचं सगळं काम एसआरजीबीत चालतं, म्हणून मॉनिटरने एसआरजीबी ९९-१०० टक्के दाखवायला हवं. मॉनिटरच्या माहितीपत्रकावर ‘७२ टक्के एनटीएससी’ (रंगसंचाचं जुनं टीव्हीचं माप) लिहिलं असेल तर ते साधारण तेवढंच समजा. ४५ टक्के लिहिलं असेल तर तो मॉनिटर बाजूला ठेवा. ‘१.६७ कोटी रंग’ या ओळीवर भाळू नका, ६ बिटचं पॅनल चलाखीने ८ बिटसारखं चालवलं तरी तीच ओळ छापतात. त्यापेक्षा कारखान्यात कॅलिब्रेट करून (रंग मोजून जुळवून) डेल्टा-ई, म्हणजे खऱ्या आणि दिसणाऱ्या रंगातला फरक, २ च्या आत असल्याचा अहवाल सोबत येतो का, ते विचारा.

जास्त रंग म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. डीसीआय-पी३ हा सिनेमासाठीचा, एसआरजीबीपेक्षा मोठा रंगसंच दाखवणारे मॉनिटर दुकानात झळाळतात. पण रंग व्यवस्थापन न पाळणाऱ्या, म्हणजे मॉनिटरच्या रंगसंचाप्रमाणे रंग जुळवून न घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एसआरजीबीतला साधा लाल त्यावर भडक दिसतो. मग तुम्ही तो डोळ्यांना बरा वाटेपर्यंत उतरवता आणि ग्राहकाच्या फोनवर तोच लाल मळकट होऊन पोचतो. असा मॉनिटर घेतलाच तर त्यात एसआरजीबी मोड हवा, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता यायला हवा. बऱ्याच मॉडेलांत तो मोड लावला की ब्राइटनेसचं बटणच निकामी होतं. ही गोष्ट जाहिरातीत कुठेच नसते, मॉनिटर समोर लावूनच बघावी लागते.

घरी आणल्यावर ब्राइटनेस आधी खाली आणा. कारखान्यातून तो बहुतेकदा २५०-३०० निट्सवर (निट हे उजेडाचं माप) येतो, छपाईच्या कामाला १०० ते १२० पुरे. ‘छापून आलं की सगळं गडद दिसतं’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा प्रेसमध्ये नसून याच ब्राइटनेसमध्ये असतं. रंगतापमान ६५०० केल्विन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते ठरवणारं सेटिंग) २.२ ठेवा.

मग एक फाइल करा: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या पट्ट्या, आरजीबी ०, ५, १०, १५ अशा चढत्या. पहिल्या तीन-चार पट्ट्या एकमेकींत मिसळून गेल्या, किंवा शून्याचा काळाही राखाडी दिसला, तर मॉनिटरला दोष देण्याआधी ग्राफिक्स ड्रायव्हर उघडा. एचडीएमआयवर तो पुष्कळदा टीव्हीसारखी १६ ते २३५ ची मर्यादित रेंज पाठवतो. तिथे फुल रेंज निवडलं आणि मॉनिटरच्या मेनूतही तेच ठेवलं की काळा पुन्हा काळा होतो. मधल्या पट्ट्यांवर गुलाबी किंवा हिरवी झाक असेल, तर ती कॅलिब्रेटरने, म्हणजे पडद्याचे रंग मोजून जुळवणाऱ्या यंत्राने, बरीचशी जाते. ते यंत्र विकतच घ्यायला हवं असं नाही, ओळखीच्या फोटोग्राफरकडे बहुधा असतं. एका कोपऱ्यातच पिवळेपणा असेल तर मात्र तो पॅनलचा दोष, तो मॉनिटर मुदतीत परत करा.

आणखी एक. नवा मॉनिटर जुन्या डिस्प्लेपोर्टला लावल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडायची सोय असेल तर ती १.१ करून बघा. आणि खरेदीपूर्वी आत्ताचा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर लावून तो पोर्ट चालू आहे ना, हे नक्की तपासा. आत्ताच्या मॉनिटरला ते तोंड नसेल तर डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय करणारा साधा अडॅप्टर त्या तपासणीपुरता पुरतो. दोन-तीन मॉडेलं नक्की केलीत की त्यांची नावं लिहा, त्यांचं माहितीपत्रक बघून सांगते.