पान काढलं, पण पीडीएफ अजून तिथेच आहे

तुम्ही लिहिलंय की शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांची यादी मंडळाच्या वर्डप्रेस साइटवर होती. तीत जन्मतारीख, पालकांचा मोबाइल, बँक खातं, आधार क्रमांक, सगळंच होतं. एका पालकांचा फोन आल्यावर तुम्ही पान काढलंत, तरी गूगलवरून यादी उघडतेच आहे.

पान गेलं तरी यादीची पीडीएफ जात नाही. ती मीडिया लायब्ररीत, म्हणजे वर्डप्रेसच्या फाइलींच्या साठ्यात, वेगळी पडून असते आणि थेट लिंकने कोणालाही उघडते. आज आधी तिथून ती कायमची डिलीट करा. मग साइटमधून लॉगआउट होऊन जुनी लिंक उघडून पाहा. त्यानंतर सर्च कन्सोलमधून, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातून, ती लिंक काढण्याची विनंती करा. गूगल ती साधारण सहा महिने लपवतं. तोवर फाइल खरोखर गेलेली असेल तर ती परत दिसत नाही. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर प्रत आहे का तेही बघा. असेल तर त्यांना ईमेल करून काढायला सांगता येतं.

कोणीतरी रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे सर्च इंजिनांनी काय बघू नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिंक टाकायला सुचवेल. तसं करू नका. ती फाइल जगाला वाचता येते, म्हणजे लपवायच्या गोष्टीचा पत्ता आपणच दिल्यासारखं होतं.

आकड्यांवर काळी पट्टी मारून तीच यादी पुन्हा चढवायचा मोहही टाळा. एका संस्थेसाठी मी हेच केलं होतं. पट्टीखालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी केला की पूर्ण खाते क्रमांक मिळत होता. हे एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं, माझ्या नाही. त्याची टोचणी अजून आहे. नको असलेले रकाने मूळ एक्सेलमधूनच काढा आणि नवी पीडीएफ बनवा. जाहीर यादीला नाव आणि अर्ज क्रमांक पुरतात.

आधारचं तर कायद्यानेच बंधन आहे. २०१६ च्या आधार कायद्याचं कलम २९(४) क्रमांक असा जाहीर करू देत नाही. पुढच्या वर्षी अर्जात आधार मागूच नका. अगदीच लागलं तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

आता सगळ्यात अवघड काम. यादीतल्या प्रत्येक पालकाला फोन करा. कार्यकारिणी म्हणेल, उगाच घबराट कशाला. पण उद्या कोणी मुलीचं नाव, शिष्यवृत्तीची रक्कम आणि खात्याचे शेवटचे अंक बिनचूक सांगून ‘उरलेला हप्ता जमा करायचाय, ओटीपी द्या’ म्हणाला, तर आई विश्वास ठेवणारच. तिला ही माहिती बाहेर गेल्याचं आधी कळलेलं असेल तरच ती थांबेल. यादी किती दिवस उघडी होती, तीत काय होतं, हे स्पष्ट सांगा. मंडळ फोनवर ओटीपी कधीच मागणार नाही, हेही सांगा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, हा नंबर त्यांना लिहून घ्यायला लावा.