वर गेल्यावर ही सापडेल ना, मॅडम?

माझ्याकडे समुपदेशनाला येणारी, जोडीदार गेलेली माणसं हा प्रश्न मला इतक्यांदा विचारतात, विशेषतः पितृपक्षात, की आता लिहूनच टाकते. बहुतेक जण आधी म्हणतात, हसू नका हं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

एक काका यायचे, सत्तरी ओलांडलेले, एसटीतून रिटायर. काकूंना जाऊन वर्ष होत आलेलं. दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही, तेव्हापासून डोक्यात बसलं की हिचं काहीतरी राहिलंय. रात्री डोळे मिटले की काका 'वर' जायचे, आणि त्यांचं 'वर' म्हणजे दिवाळीच्या गर्दीतला एसटी स्टँड, सगळ्या बायका पाठमोऱ्या, चौकशीच्या खिडकीत कोणी नाही. मुलगा म्हणायचा बाबा सोडा आता, नातवाकडे बघा. सुनेला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय.

तसं काही नव्हतं. वेल्समधल्या डॉ. रीस यांनी १९७१ मध्ये जवळपास तीनशे विधवा-विधुरांशी बोलून लिहिलंय की त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेला माणूस आसपास जाणवायचा, आणि बहुतेकांनी ते कधी कोणाला सांगितलंच नव्हतं.

पहिल्याच भेटीत सरळ विचारलं, "काका, काकूंकडे लवकर जावं, जीव द्यावा असं मनात येतं का?" हे विचारायचंच असतं, विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही. "छे हो, बीपीची गोळी वेळेवर घेतो. फक्त ती सापडायला हवी." (उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, लगेच सायकॅट्रिस्ट गाठायचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फ्री आहे.)

स्वर्ग आहे की नाही यावर मी चकार शब्द काढला नाही. त्यांच्याबरोबर शोधत राहिले, साडी कुठली असेल, कुठल्या गावच्या गाडीला थांबल्या असतील. मग एकदा विचारलं, "सापडल्या की पहिलं काय बोलणार?"

बराच वेळ गप्प. "व्हेंटिलेटरच्या फॉर्मवर सही मी केली. ती आदल्या दिवशी घरी न्या म्हणत होती."

म्हणजे भेट हवी होती ती हे सांगायला. मी म्हटलं, "मग काकू काय म्हणतील?"

"ती?" काकांनी चष्मा काढला. "म्हणेल, वाचून तरी केलीत का सही?"

आणि हसायलाच लागले, बँकेच्या फॉर्मवरूनपण ही असंच बोलायची म्हणाले, आणि हसता हसता जे रडले ते वर्षभरात पहिल्यांदाच. मी पाण्याचा ग्लास सरकवला आणि गप्प बसले. काकू माफ करतील असं मी म्हटलं असतं ना, तर मान डोलावून घरी गेले असते. काकूंचं उत्तर त्यांच्याकडेच होतं आणि ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं, यावर माझा ठाम विश्वास आहे.

फ्रॉइडने १९१७ मध्ये मांडलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणं. 'मूव्ह ऑन करा' वाले अजून तिथेच आहेत. मला ते पटत नाही. नातं राहतं, त्यात बोलणं चालू राहिलं तर बिघडत काही नाही. काका अजून रोज रात्री काकूंशी बोलतात, पण आता लाइटबिलाबद्दल, आणि नंतर झोपतात.

तेव्हा घरच्यांनो, आईबाबा असं काही बोलले की लगेच विषय बदलू नका, भेट झाली तर काय सांगाल एवढं विचारा आणि थांबा. वर्ष उलटूनही जेवण, झोप, रोजची कामं अडलेली असतील तर मात्र दाखवून घ्या.