सोलापुरात पहिलं घर बघतोस, तर आधी पाणी बघ

सोलापूरचा भाव काय, असं विचारू नकोस. इथे प्रत्येक भागाचा बाजार वेगळा आहे.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड इकडे नोकरदारांची मागणी जास्त, त्यामुळे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक लवकर मिळतं. नवी पेठेत रस्त्यावरच्या गाळ्याला सोन्याचा भाव, पण त्याच गल्लीत आत, वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना कोणी फारसं विचारत नाही. पूर्व भागात घर आणि यंत्रमाग एकाच छपराखाली असतात. अशा घराला मागवाला चांगली किंमत देतो, कारण त्याला कारखान्याची जागा आणि वीजजोड आयता मिळतो. तुला तिथे नुसतं राहायचं असेल तर ते पैसे देऊ नकोस, आणि मागांची खडखड ऐकायला भर दुपारी जाऊन ये.

आता पाणी. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, हे तुला माहीत आहेच. दलालाला बाजूला ठेव आणि शेजारच्या काकूंना विचार: शेवटचं पाणी कधी आलं, किती वेळ टिकलं, उन्हाळ्यात बोअर आटतो का? मग हौदाचं झाकण स्वतः उघडून बघ. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत भाव पाडूनच माग.

शहराच्या कडेला गुंठ्याचा प्लॉट स्वस्त दिसेल. सातबारा सामाईक असेल, एनए, म्हणजे जमीन बिगरशेती, झालेलं नसेल तर बँक कर्जाला सहसा नाही म्हणते. उद्या तुझ्या गिऱ्हाइकालाही तीच अडचण येणार, म्हणून तो स्वस्त आहे. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. फ्लॅट घेत असशील तर भाव ठरवताना त्याच इमारतीतले ताजे व्यवहार इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या सरकारी उताऱ्यावर, बघ.