कॅट रोडवरून क्लॅटकडे

ताई,

तुमची मुलगी बारावीला, गणित घेतलेलं. विज्ञान दिनाला शाळेबरोबर इंदूरचं ‘कॅट’ (अणुऊर्जा विभागाचं प्रगत तंत्रज्ञान केंद्र) बघून आली आणि आता म्हणते, अणुऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातच काम करायचं. तिचे बाबा विचारतात, मग गणित कशाला घेतलं, आणि यात पोट भरतं का?

गणित वाया जात नाही. क्लॅटला, म्हणजे राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेला, कुठलीही शाखा चालते. गांधीनगरच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात बीएस्सी एलएलबीसुद्धा आहे. पोटाचा प्रश्न मात्र रास्त आहे.

हा कायदा फार सावकाश हलतो. 1986 मध्ये चेर्नोबिल झालं तेव्हा सोव्हिएत युनियन भरपाईच्या कुठल्याच करारात नव्हता. युरोपातल्या इतर देशांनी आपल्या शेतकऱ्यांना स्वतःच्या तिजोरीतून पैसे दिले. अणुअपघाताच्या भरपाईचा पॅरिस करार आहे (हवामानाचा नव्हे); त्यातली भरपाई वाढवणारी दुरुस्ती 2004 मध्ये ठरली आणि लागू झाली 1 जानेवारी 2022 ला, म्हणजे तुमची लेक आठवीत असताना! फुकुशिमानंतर स्वित्झर्लंडनं आंतरराष्ट्रीय अणुसुरक्षा करारच बदलायचा प्रस्ताव आणला. जुन्या अणुभट्ट्या नव्या मापाला आणायच्या तर खर्च सोसायचा कुणी? 2015 मध्ये व्हिएन्नात एकमत झालं नाही, हाती आलं ते नुसतं घोषणापत्र. सही करायला कोणत्याही देशाला भाग पाडता येत नाही, खरी अडचण तिथेच आहे.

आपल्याकडचं उदाहरण तर दारातलंच. भोपाळ इंदूरहून चार तासांवर. तिथल्या वायुगळतीची आठवण ताजी होती म्हणून अणुअपघाताच्या भरपाईच्या 2010 च्या कायद्यात सदोष यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीकडूनही वसुलीची सोय ठेवली. परदेशी पुरवठादार त्यावर अडून बसले. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं ‘शांती’ कायदा आणून तो जुना कायदाच मोडीत काढला. मला स्वतःला ती वसुलीची सोय जाणं खटकतं, पण तिनं तिचं मत बनवावं.

आता नोकरी. ‘अणुकायद्याचा वकील’ अशी जाहिरात तुम्हाला पेपरात दिसणार नाही. आधी चार-पाच वर्षं करारनामे आणि विमा यांतली वकिली पक्की करावी लागेल. मग मुंबईत अणुऊर्जा विभाग, न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन, किंवा यात शिरणाऱ्या खासगी कंपन्या. फ्रान्समध्ये मोंपेलियेला दर उन्हाळ्यात याच विषयाचा छोटा अभ्यासक्रम असतो. तो वकिलीनंतरचा विचार.

बाबांना सांगा, क्लॅट आणि जेईई, फॉर्म दोन्ही भरा. आणि या रविवारी तिला 2010 चा कायदा आणि नवा कायदा शेजारी ठेवून वाचू दे. तिसऱ्या पानावर जांभया यायला लागल्या तर मला फोन करा, जेईईबद्दल बोलू.