वाचकांचे प्रश्न: दोल्नी व्येस्तोनित्सेची माती

गेल्या अंकात भाजलेल्या मातीच्या एका पुरातन स्त्री-मूर्तीचे छायाचित्र छापले होते. ती ज्या चेक खेड्यात सापडली, त्या खेड्याबद्दलच वाचकांनी अधिक विचारले. निवडक प्रश्न घेत आहोत.

नकाशावर व्येस्तोनित्से नावाची दोन गावे दिसतात. मूर्तीचे गाव नेमके कोणते? (सांगली)

‘दोल्नी’ म्हणजे खालचे, ‘होर्नी’ म्हणजे वरचे. आपल्याकडच्या खुर्द-बुद्रुकसारखी जोडी आहे, फक्त भेद आकाराचा नसून चढ-उताराचा आहे. मूर्ती सापडली ती खालच्या गावाच्या हद्दीत. हे गाव चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण मोराविया भागात, ब्रनो शहराच्या दक्षिणेला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ आहे. वस्ती जेमतेम काही शेकड्यांची. पाठीशी पाव्लोव टेकड्या आहेत आणि त्यांतले सर्वांत उंच शिखर द्येवीन सुमारे 550 मीटरचे आहे. पुढ्यात पूर्वी दिये नदीचे पूरमैदान होते, आज तिथे धरणाचे पाणी आहे.

टेकड्या जुरासिक चुनखडीच्या आहेत. हे कठीण खडक खालच्या मऊ थरांवर ढकलले गेले आहेत. म्हणून माथ्यावर उभे पांढरे कडे दिसतात आणि पायथ्याचा उतार अधूनमधून घसरतो. कडे आणि नदी यांच्या मधल्या उतारावर लोएसचा जाड थर आहे. या गावाची निम्मी गोष्ट त्या थरातच आहे.

लोएस म्हणजे काय? आपल्या काळ्या मातीसारखीच का? (परभणी)

अगदी उलट. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्यात पुरलेली वस्तू सतत हलत राहते. लोएस ही हिमयुगातल्या कोरड्या, थंड वाऱ्यांनी उडवून आणलेली बारीक धूळ. तिचा कण वाळूपेक्षा लहान आणि चिकणमातीपेक्षा मोठा असतो. रंग पिवळसर, आणि बोटांत चोळली तर पिठासारखी लागते. कोरडी असताना ती उभी कापली तरी भिंतीसारखी टिकते.

या थरात हिमयुगातल्या शिकाऱ्यांच्या वस्तीची हाडे टिकली, त्याचे कारण दुहेरी आहे. एकतर धूळ सावकाश पण सतत पडत राहिली आणि शिकाऱ्यांची वस्ती उठल्यावर राख, हाडे, अवजारे जागच्या जागी झाकली गेली. शिवाय तिच्यात चुना आहे. आम्लधर्मी मातीत हाडे विरघळतात, इथे वाचतात. म्हणूनच मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या, हाडांचे ढीगच्या ढीग निघाले.

याच मातीच्या विटा भाजायचा धंदा गावात चालत असे. वीटभट्टीच्या खाणीत उघडी पडलेली भिंत भूशास्त्रज्ञांच्या दृष्टीने मूर्तीइतकीच मोलाची आहे. फिकट पट्टा म्हणजे धूळ उडवणारा थंड काळ, गडद पट्टा म्हणजे माती मुरलेला उबदार काळ. अशी लाखाहून अधिक वर्षांची नोंद त्या एका भिंतीत आहे.

मूर्ती इतकी जुनी, तर ती भाजली कशी? आणि इतर मूर्तींचे तुकडेच का मिळतात? (कोल्हापूर, कुंभारकाम करणारे वाचक)

चेक पुरातत्त्वज्ञ कारेल आब्सोलोन यांच्या देखरेखीखालच्या उत्खननात 13 जुलै 1925 रोजी राखेच्या थरात ही मूर्ती दोन तुकड्यांत मिळाली. उंची 11.1 सेंटिमीटर, रुंदी 4.3. वय साधारण 29,000 वर्षे धरतात. डोळ्यांच्या जागी दोन तिरक्या चिरा, डोक्यावर चार खळगे, पायांमध्ये एक खोल रेघ. पाठीवर एका लहान मुलाच्या बोटाचा ठसा आहे, तो भाजण्यापूर्वीचा. म्हणजे ओली मूर्ती मुलाच्या हाती लागली होती, मग ती घडवली कुणीही असो.

माती गावचीच लोएस, पाण्यात मळलेली. डोके, पाय, धड वेगवेगळे वळून जोडलेले असत. उष्णता सुमारे 500 ते 800 अंश सेल्सिअस. उतारावर मातीच्या बांधाने वेढलेली, भट्टीवजा चूल सापडली आहे. तिच्या आत आणि आसपास मूर्तींचे तुकडे दोन हजारांहून अधिक निघाले.

तडकण्याचे कारण तुम्हाला सांगायला नको. भांडे सावलीत पुरते न वाळवता आचेत घातले, की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कपचा फटकन उडतो. या तुकड्यांच्या तुटीच्या खुणा तशाच आहेत. पण गंमत पुढे आहे. संशोधक पामेला व्हँडिव्हर आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये या मातीच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत लोएस उष्णतेचा धक्का चांगला सोसते असे दिसले, म्हणजे ती सहजासहजी तडकत नाही. मग इतक्या मूर्ती फुटल्या कशा? त्यांचा तर्क असा की ओल्या मूर्ती मुद्दामच आगीत टाकल्या जात आणि तो फुटण्याचा आवाजच हवा असे. हा तर्कच आहे, पण नवशिक्यांच्या चुका म्हणून दोन हजार तुकडे झटकून टाकण्यापेक्षा आम्हाला तो जास्त पटतो.

अशी मातीची मूर्ती महाराष्ट्रात सापडली आहे का? (पुणे)

इतकी जुनी नाही. पण पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला, ताम्रपाषाण काळातल्या घराच्या जमिनीखाली, मातीच्या पेटीत शिर नसलेली देवी आणि बैल मिळाला. ती मूर्ती कच्च्याच मातीची आहे. भाजणे ही त्या लोकांना न जमणारी गोष्ट नव्हती, ते भांडी उत्तम भाजत. मूर्ती कच्ची ठेवणे ही त्यांची निवड दिसते.

जुन्या नकाशात गावाचे नाव उंटरविस्टर्नित्स का आहे? (मुंबई)

ते जर्मन नाव. ‘उंटर’ म्हणजेही खालचेच. या पट्ट्यात शतकानुशतके जर्मनभाषक बहुसंख्य होते. 1938 च्या म्युनिक करारानंतर हा प्रदेश जर्मनीत गेला, आणि युद्ध संपल्यावर 1945-46 मध्ये जर्मनभाषकांना घालवून देण्यात आले. घरे-मळे नव्या चेक कुटुंबांकडे गेले. त्याआधी एप्रिल 1945 मध्ये जवळच्या मिकुलोव किल्ल्याला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या व्येस्तोनित्सेच्या बऱ्याच वस्तू जळाल्या. जमिनीने तीस हजार वर्षे जपलेले एका आगीत गेले.

धरणामुळे गाव बुडाले का? (सातारा)

हे नाही. बुडाले ते शेजारचे मुशोव. दिये नदीवर पूरनियंत्रण आणि सिंचनासाठी 1970 आणि 80 च्या दशकांत तीन जलाशय बांधले. मुशोवची घरे पाडली गेली, पण संत लिनहार्टचे चर्च राहिले आणि आज ते मधल्या जलाशयात बेटावर उभे आहे. दोल्नी व्येस्तोनित्से मधल्या आणि खालच्या जलाशयाच्या सांध्यावर आहे, समोरच्या स्त्राखोतीनला जाणारा रस्ता त्या बांधावरूनच जातो.

धरणाच्या कामासाठी लोएस खणताना पुरातत्त्वज्ञांना धावावे लागले. त्यातच 1986 मध्ये शेजारी-शेजारी पुरलेली तीन तरुणांची दफने मिळाली. मधल्या सांगाड्यात व्यंग होते, म्हणून ती स्त्री असावी असे बरीच वर्षे लिहिले जाई. 2016 मधल्या जनुकीय तपासणीत तिघेही पुरुष ठरले.

तिथे गेलो तर मूळ मूर्ती पाहता येईल? (ठाणे)

गावात नाही. ती ब्रनोच्या मोरावियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे आणि क्वचितच मांडली जाते. एरवी प्रतिकृतीच पाहायला मिळते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. गावात छोटे पुरातत्त्व दालन आहे, पण वेळ कमी असेल तर शेजारच्या पाव्लोवमधले 2016 साली उघडलेले आर्किओपार्क निवडा. ते जमिनीखाली बांधलेले आहे आणि फक्त त्याचे पांढरे मनोरे वर डोकावतात. तिथे उत्खननात निघालेला मॅमथच्या हाडांचा ढीग जागच्या जागी दाखवला आहे.

टेकडीवर 1645 मध्ये स्वीडिश सैन्याने जाळलेल्या द्येविच्की किल्ल्याचे अवशेष आहेत. पाऊस पडून गेल्यावर मात्र चढू नका. कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहणारी लोएस भिजली की बुटाला किलोभर चिकटते आणि उतारावर पाय ठरत नाही.