“एवढी शेवटची उधारी फेडली की सोडतो म्हणतोय, देऊ का?”

व्यसनी मुलांच्या आया हा प्रश्न सतत विचारतात. इथे ज्या आईची हकिकत आहे ती पोळ्या लाटून घर चालवते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा चोवीस वर्षांचा, चार वर्षांपासून ब्राऊन शुगर ओढणारा. पहिली उधारी तिने पाटल्या मोडून फेडली, दुसरी बचत गटातून कर्ज काढून. आता तो अठरा हजार मागत होता.

तोवर घरातली इस्त्री, पितळी हंडा, बहिणीचा मोबाइल गेलेला. संडासाच्या खिडकीत चांदीच्या कागदाचे तुकडे सापडायचे, मधोमध काळी रेघ ओढलेले. आई पैशांची पिशवी उशाखाली घेऊन झोपायची. बहिणीचं जुळत आलेलं लग्न मोडलं, त्यावर घरात चकार शब्द नाही. बोललं की हा भडकणार आणि ओढून येणार, ही भीती.

आम्हा व्यसनमुक्ती केंद्रातल्यांचं उत्तर होतं, देऊ नका. ही उधारी पुडीवाल्याची. ती फिटली की दुसऱ्या दिवसापासून नवी पुडी उधारीवर मिळते, कारण याची आई फेडते हे त्याला ठाऊक असतं. आई फेडते ती मुलाची पत वाढवते. जेवण, औषध, केंद्रापर्यंतचं भाडं जरूर द्यावं, पण रोख हातात देऊ नये. आणि हे त्याला सांगायचं ते नशेत किंवा टर्कीत (पुडी न मिळाल्याने होणाऱ्या त्रासात) असताना नव्हे, मधल्या शांत वेळात, एका वाक्यात: “पैसे नाही, उपचाराला आत्ता चल.” भाषण नको.

“जीव देईन” अशी धमकी तो देत होता. अशी धमकी कधीही नाटक समजू नये. पैसे द्यायचे नाहीत, पण एकटं सोडायचंही नाही. थेट रुग्णालयात न्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो.

आईला पोलिसांचीही धास्ती होती. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार, स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते काढून घेता येतं.

“घरीच कोंडून ठेवतो” हा मामाचा उपाय. शेवटच्या पुडीनंतर साधारण ८ ते १२ तासांत टर्की सुरू होते: नाकडोळे वाहणं, जांभया, अंगावर काटा, पाय ओढणं, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आठवड्याभरात बराच उतार. त्यात हा झोपेच्या गोळ्याही घ्यायचा, आणि त्या एकदम तोडल्या तर आकडी येऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठेवलं.

खरा धोका त्यानंतरचा. घरच्यांना वाटतं सुधारला, फोन द्या, एटीएम कार्ड द्या. शरीराची सहनशक्ती मात्र तोवर उतरलेली असते. पूर्वीइतकीच पुडी घेतली तर श्वास थांबू शकतो. त्यामुळे ब्यूप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय औषधाची गोळी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत सुरू राहिली. “एक नशा सोडून दुसरी धरली” असं मामा म्हणाला. तसं नाही: ती तलफ आणि टर्की दाबते, माणूस कामावर जाऊ शकतो. फक्त ती जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत आईने समोर बसायचं. खिशात गेलेली गोळी विकली जाते.

तिसऱ्या महिन्यात तो एकदा घसरला. आईने आरडाओरडा केला नाही, पैसेही दिले नाहीत, त्याच दिवशी केंद्रात आणलं. घसरणं या आजारात नेहमीचं. लपवलं तर महाग पडतं.

मुलाचा पगार अजून बहिणीच्या खात्यात जमा होतो. आईने बचत गटातून काढलेल्या कर्जाचा हप्ता आता त्यातून जातो.