जुनं एलजीबी (जर्मन बनावटीची, बागेत चालणारी मोठी मॉडेल आगगाडी) इंजिन बॅटरीवर आणि रिमोटवर करावं का? की रुळांतूनच वीज द्यावी?

करा. आणि करण्याआधी घरात कोणाला विचारत बसू नका.

तुम्ही लिहिलंय की गच्चीवर 45 मिमीच्या रुळांवर गाडी चालवता, पावसाळ्यात पितळी रूळ काळे पडतात, पॉलिश पेपरने घासून घासून वैतागलात. बॅटरीचा खर्च किती, तेही विचारलंत. त्यात मित्र म्हणतो, "बॅटरी लावलीस की ते खेळणं झालं." नुसतं पहिलं एवढंच असतं तर मी वाचून पुढे गेलो असतो. पण मित्राचं ते वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायला बसलोच.

आमचं इंजिन दाजींनी आणलेलं. कामानिमित्त ते न्यूरेंबर्गला होते, तिथल्या जुन्या बाजारात त्यांना 'श्टाइन्झ' मिळालं. हिरवं-काळं, दोन आसांचं, बुटकं. 1968 साली एलजीबीने दुकान मांडलं ते याच इंजिनावर. दर गणपतीत ते आमच्याकडे चौरंगाभोवती फिरतं. आर-1 नावाच्या मापाच्या वळणाचे बारा तुकडे जोडले की 1.2 मीटरचं वर्तुळ होतं, मखर त्यात बरोब्बर बसतं.

आता गणपतीपुढच्या रुळांवर काय काय पडतं ते तुम्हाला सांगायला नको. अक्षता, कुंकू, दूर्वांचं पाणी. सगळ्यात वाईट म्हणजे निरांजनातलं तूप. एक थेंब रुळावर पडला की चाकं तो फिरवून फिरवून अख्ख्या वर्तुळाला माखतात. इंजिन दर दोन हातांवर अडायचं, पोरं बोटाने ढकलायची, दाजी चिडून रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरचा नॉब पुरता फिरवायचे. मग मध्येच स्वच्छ तुकडा लागला की गाडी सुसाट सुटून थेट उंदीरमामांना धडक. हे पाच वर्षं चाललं.

करोनाच्या आदल्या वर्षी मी दाजींना न सांगता इंजिन उघडलं. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून 18650 मापाचे चार लिथियम सेल, त्यांचा बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट), फ्यूज आणि प्लग आणले. चार सेल सिरीजमध्ये म्हणजे 14.8 व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर 16.8. इंजिन 24 व्होल्टपर्यंत चालणारं असलं तरी सव्वा मीटरच्या वर्तुळात एवढा वेग पुरून उरतो. सेल इंजिनात मावत नाहीत, तो हट्ट धरू नका. मागच्या मालडब्यात ठेवा आणि दोन वायरींचा प्लग पुढे आणा. 2600 एमएएचच्या सेलवर आमची गाडी तीन तास आरामात चालते. धुराचं युनिट मात्र काढून टाका, ते विनाकारण करंट खातं.

रिमोटचा रिसीव्हर 2.4 गिगाहर्ट्झचाच घ्या. अमेरिकेतले बागगाडीवाले 900 मेगाहर्ट्झचे संच वापरतात, भावाला सांगून तसला मागवू नका, आपल्याकडे तो पट्टा परवानामुक्त नाही. वेगाचा कंट्रोलर रिमोटच्या मोटारगाडीचा चालतो, पण त्यातले बरेचसे तीन सेलपर्यंतच असतात, लेबल वाचून घ्या. शिवाय साध्या कंट्रोलरला आधी ब्रेक लागतो आणि मग रिव्हर्स, इंजिनाला ते फार विचित्र दिसतं. क्रॉलर गाड्यांचा, म्हणजे खडकांवर सावकाश चढणाऱ्या रिमोट गाड्यांचा घ्या, त्यात रिव्हर्स थेट लागतो. मोटरच्या दोन टोकांमध्ये 104 लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर टाका, नाहीतर रिसीव्हर मध्येच बावचळतो.

आणि सगळ्यात आधी, बाकी काहीही करण्याआधी, चाकांतून मोटरकडे जाणारी वीज तोडा. पूर्ण तोडा. जुन्या इंजिनांत हे कनेक्शन मोटर ब्लॉकच्या आतच असतं, म्हणून ब्लॉक उघडावाच लागतो. मी उघडला. रुळावर घासणारे स्लायडर काढले, पुढच्या चाकांचे कार्बन, म्हणजे चाकाला टेकून वीज घेणारे तुकडे, काढले. मागच्या चाकांवर मीटर लावला तर पीप वाजली नाही, म्हणजे जोडणी नाही. म्हटलं, हे आधीच सुटलेत, आणि झाकण लावलं.

गौरी जेवणाच्या दिवशी संध्याकाळी आरती चालू होती. गाडी अशी फिरत होती की ज्याचं नाव ते, तुपावरून, अक्षतांवरून, मुंगीच्या पावलाने. मी एका हाताने टाळ धरलेला आणि दुसऱ्यात रिमोट. दाजींच्या लक्षात आलं की डब्यातले दिवे लागत नाहीयेत, कारण ते दिवे रुळांवरून वीज घेतात. त्यांनी न बोलता मखरामागचा जुना कंट्रोलर काढला, रुळांना जोडला आणि नॉब फिरवला.

दिवे लागले. इंजिनाने एक गचका खाल्ला आणि धूर आला. ताई टाळ्या थांबवून म्हणाली, "अगं बाई, आज धूर पण सोडतंय!" सगळे कौतुकाने बघायला लागले. जळका वास कापरात मिसळला, त्यामुळे मंत्रपुष्पांजली संपेपर्यंत कोणाला काही कळलं नाही. मला कळलं होतं. पण आरती सोडून कसं जाणार?

रिसीव्हर आणि इंजिनातला वेगाचा कंट्रोलर दोन्ही गेले. सेल फ्यूजमुळे वाचले. तेव्हापासून दाजी प्रत्येक लग्नात, मुंजीत सांगतात, "याने बॅटरी लावली आणि इंजिन जाळलं." मी म्हणतो, "दाजी, रुळांत वीज तुम्ही सोडलीत." ते म्हणतात, "रुळांत वीज नाही सोडायची तर काय दूध सोडायचं?"

आता त्यांच्या 'खेळणं' या मुद्द्याबद्दल, तुमच्या मित्रालाही हे ऐकवा. खरं श्टाइन्झ ऑस्ट्रियातल्या 760 मिमीच्या लहान रेल्वेवरचं वाफेचं इंजिन. ते कोळसा आणि पाणी स्वतःच्या अंगावर घेऊन धावायचं. त्याला रुळांतून कोणी काही पुरवत नव्हतं. आपली माथेरानची गाडी घ्या, तिचं डिझेलही तिच्याच पोटात. मग खऱ्याच्या जवळ कोण? जे आपलं इंधन बरोबर नेतं ते, की जे दोन्ही रुळांना जिभा लावून चालतं ते? दाजींनी यावर आजवर उत्तर दिलेलं नाही. विषय बदलून लोकलच्या पँटोग्राफवर जातात. अहो, पण आपलं इंजिन लोकल आहे का?

बॅटरीचा आणखी एक फायदा, गच्चीवर रिव्हर्स लूप टाका, गाडी वळून त्याच रुळाने परत येऊ दे. दोन रुळांच्या विजेत तिथे शॉर्ट होतो आणि वेगळं वायरिंग करावं लागतं. बॅटरीला त्याचं सोयरसुतक नाही.

तुमचं इंजिन मूळ खोक्यासकट, न उघडलेलं असेल तर मात्र थांबा, ते तसंच ठेवा आणि चालवायला दुसरं जुनं घ्या. गाडी घरातली, 1:87ची (खऱ्याच्या 87व्या हिश्श्याएवढी) असेल तर बॅटरीला जागाच नाही, तिथे रुळांतली वीजच बरी. लिथियमचे सेल रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. विमानात सुटे सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत घ्या.

खर्च विचारला होतात. जळालेले धरून सांगू की सोडून?

हो, आणि ते मागचं चाक. नंतर ब्लॉक पुन्हा उघडला तेव्हा कळलं. मागच्या एका चाकाला पकडीसाठी रबराची रिंग असते, मी मीटरची पिन त्या रबरावर टेकवली होती. पीप वाजणार कशी? कार्बन जागच्या जागी होते. वळणावर त्या चाकाची कड रुळाला घासली आणि दाजींची वीज सरळ माझ्या कंट्रोलरमध्ये. तुम्ही तपासताना पिन चाकाच्या धातूच्या कडेवर लावा, रबरावर नको.

हे दाजींना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांचा तो जुना कंट्रोलर सध्या माझ्या कपाटात आहे, या गणपतीत त्यांनी दोनदा मागितला. डब्यातल्या दिव्यांना मी वेगळी बॅटरी बसवली आहे.